खालांचे दोन गुंठे

जमिनीचा नाद आम्ही २०१३ साली सोडला, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. खरं तर तो सुटला होता. अब्बांना डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोन वेळा बारामतीला दवाखाना, आणि हातातला पैसा तिकडे जाऊ लागला. त्याआधीची पाच-सहा वर्षं मात्र आम्ही दोघं नवरा-बायको (एक उर्दू शाळेत शिकवणारी, दुसरा स्पेअर पार्ट्सच्या दुकानात बसणारा) रविवार आला की मोटारसायकल काढून बारामती-इंदापूर रस्त्यावर फिरायचो. सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे. कुठे नीरा डाव्या कालव्याचं पाणी पोचतं, कुठे नाही, कोणत्या बांधावरून वाद आहे, हे आम्हाला तोंडपाठ होतं. बँकेचं कर्ज नको, व्याज नको, म्हणून शेतकऱ्याला विसार द्यायचा, बाकीचे हप्त्याने फेडायचे आणि दोन-दोन गुंठे करून विकायचे. त्या काळी सगळेच असं करत.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. गिऱ्हाईक आलं की आम्ही पावलांनी मोजून दाखवायचो.

गेल्या वर्षी मुलगी बारावीला गेली. पुढचा खर्च दिसू लागला. भिशीचे आणि थोडे साठवलेले मिळून सहा लाख हाताशी होते, आणि जुना नाद पुन्हा जागा झाला. दरम्यान आमचा तो रस्ता ओळखू येईनासा झाला होता. तुकोबांची पालखी ज्या वाटेने जाते त्या पाटस-बारामती-इंदापूर-तोंडले मार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली आणि साधा रस्ता चौपदरी राष्ट्रीय महामार्ग होऊ लागला. जिथे आम्ही गुंठा तीस हजाराला घेतला होता, तिथे एजंट दोन लाखाच्या खाली बोलत नव्हता.

आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, पूर्वी दस्त लिहायचे. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी आधी आम्हाला बसवून शिकवणीच घेतली. २०१५ च्या जूनपासून जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. रेरा आला, विकायच्या प्लॉटची जमीन ५०० चौरस मीटरच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. जुलै २०२१ मध्ये नोंदणी खात्याने परिपत्रक काढलं, मंजूर रेखांकन नसेल तर गुंठ्या-दोन गुंठ्यांचा दस्त नोंदवायचा नाही. त्यावर औरंगाबादला खंडपीठात लढाई झाली. २०२३ मध्ये बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे अशी किमान हद्द ठरली. "तुमचा तो जुना धंदा आता नाही," ते म्हणाले. "आणि इंदापूर तालुक्यात कुणी स्वस्तात जमीन दाखवली तर आधी भोगवटादार वर्ग बघा. उजनीच्या पुनर्वसनाच्या जमिनी वर्ग दोनच्या असतात. परवानगीशिवाय घेतली की अडकलात." मग सहज विचारलं, "तुमची जुनी वीस गुंठ्यांची जमीन होती ना? तिचा उतारा काढलात का कधी?"

नव्हता काढला. बारा वर्षांत एकदाही नाही.

ती जमीन आम्ही, आमचे मेहुणे आणि शाळेतले एक सहकारी अशा तिघांनी मिळून घेतली होती. त्यातले सहा गुंठे तीन जणांना दोन-दोन करून २०११ मध्ये विकले. बाकीचे चौदा पडून होते. घरी येऊन मोबाईलवर सातबारा उघडला. त्यात आम्ही तिघेच होतो, आणि क्षेत्र पूर्ण वीस गुंठे. विकलेले सहा गुंठेही आमच्याच नावावर. खरेदीखतं रजिस्टर झाली होती, मुद्रांक भरला होता, पण फेरफार नामंजूर झाले होते. शेरा होता तुकडेबंदीचा. १९४७ चा कायदा. आम्ही विकत होतो तेव्हाही तो होताच. दस्त नोंदवला जातो म्हणजे सगळं झालं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या तिघांतल्या एक म्हणजे खाला. नात्याने लांबच्या, पण अम्मीच्या जिवाभावाच्या. नवरा गेल्यावर शिवणकाम करून जमवलेले नव्वद हजार त्यांनी तीन हप्त्यांत आमच्या हातात दिले होते. त्यात आम्हाला तीस हजार सुटले. खालांना कुरआन वाचता येतं, थोडं उर्दू येतं, मराठी अक्षर येत नाही. खरेदीखत त्यांना आम्हीच वाचून, दखनीत समजावून सांगितलं होतं. चतुःसीमा, साक्षीदार, सगळं. उधारीचे व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा हे सांगणारी सूरे बकराची आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आम्ही मुलांना वर्गात कौतुकाने सांगतो. आम्ही लिहिलं होतं खरं. लिहिलेल्याचं पुढे काय झालं ते पाहिलं नाही.

याच सुमारास एजंटचा फोन आला. हायवेलगत गोडाऊनसाठी एका पार्टीला सलग वीस गुंठे हवे होते. "सातबारा क्लीन आहे तुमचा," तो म्हणाला. आम्ही त्या तिघांचं सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांना पैसे परत द्या ना. नव्वदचे दीड लाख द्या. म्हातारी दुवा देईल."

इथे आम्हाला फार चांगलं दाखवून घ्यायचं नाही. आम्ही लगेच नाही म्हणालो नाही. दोन आठवडे आम्ही त्यावर बोललो, मुलगी झोपल्यावर, हळू आवाजात. वीस गुंठ्यांचे चाळीस लाख, तिसरा हिस्सा आमचा. खालांनी तिथे वीटही लावली नव्हती. दीड लाख त्यांनी बँकेत ठेवले तर, इथपर्यंत आमची गाडी गेली. आम्ही, जे स्वतःसाठी व्याज नको म्हणतो. दोघांपैकी कोण आधी गप्प झालं ते आता आठवत नाही.

मग एका शुक्रवारी खालाच आल्या. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं खरेदीखत. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव आलं होतं. एक लाख वीस हजारांचं अनुदान, पण जागा स्वतःच्या नावावर हवी. त्या तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) जाऊन आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मेरा नाम हैच नई बोले उसमें. तुम जरा पढ़को देखो ना बेटा, उनकू दिख्या नई होएंगा."

अधिकाऱ्याला दिसलं नसेल, असंच त्यांना वाटत होतं. आम्ही वाचतो त्यावर अजून विश्वास होता.

त्यांच्यासमोर आम्ही सगळं सांगितलं, एजंटचा फोन सोडून. तो नंतर सांगितला, चहा झाल्यावर. खाला बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसल्या.

वकिलांनी वाट दाखवली. २०१७ च्या दुरुस्तीने असे जुने तुकड्यांचे व्यवहार काही अटींवर नियमित करायची सोय झाली होती, पण त्यासाठी सरकारी बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरावी लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. खालांच्या दोन गुंठ्यांचं सरकारी मूल्य दोन लाख चाळीस हजार निघालं. म्हणजे साठ हजारांच्या जागी बारा हजार. हे पैसे कुणी भरायचे, यावर तिघा भागीदारांची बैठक झाली. मेहुणे लगेच हो म्हणाले. सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की कायदा सगळ्यांनाच माहीत असायला हवा, घेणाऱ्यालाही. ते अगदीच चूक नव्हतं. पण घेणाऱ्याला वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखवणारे आम्ही होतो. त्यांना तयार व्हायला दोन महिने लागले. बाकीच्या दोघा खरेदीदारांनाही शोधलं. एक पुण्यात रिक्षा चालवतात, त्यांना वाटलं आम्ही आणखी पैसे मागायला फोन केला आहे.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज, फी, तारीख, क-प्रत. अर्ज, दंड, मोजणी, वकील धरून फक्त खालांच्या तुकड्याला एकेचाळीस हजार गेले. गोडाऊनवाली पार्टी तोवर शेळगावकडे निघून गेली.

मध्येच रमजान आला आणि आणखी एक हिशेब निघाला. पडून राहिलेल्या जमिनीवर जकात आहे का, असं मौलानांना विचारलं. विकण्यासाठी घेतलेली असेल तर दरसाल बाजारभावाने अडीच टक्के, ते म्हणाले, आणि विचारलं, "नियत काय होती?" त्यावर आमच्यातला एक जण "विकायची" म्हणाला आणि दुसरी "घर बांधायची", दोघंही एकाच वेळी. मौलाना हसले. घरी येऊन शाळेच्या वहीत आम्ही वर्षवार आठवत बसलो. कोणत्या वर्षी काय मनात होतं, याची मोजणी करणारं खातं कुठे नाही.

नवा प्लॉट आम्ही घेतलेला नाही. उरलेल्या पैशांतून ते चौदा गुंठे रीतसर बिनशेती करून, रेखांकन मंजूर करून घ्यायचं चाललं आहे. ते पाच गुंठ्यांच्या वर असल्याने विकायचे झाले तर रेराही आला. वेळ लागेल. मुलीच्या पहिल्या वर्षाची फी दुकानातून निघेल असा अंदाज आहे.

फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत आली नाही, आणि नोंद मंजूर झाली. सातबाऱ्याची प्रत घेऊन आम्ही खालांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, प्रत आमच्याकडे दिली आणि म्हणाल्या, नाव कुठे आहे त्यावर बोट ठेवा. ठेवलं. मग त्यांनी स्वतःचं बोट तिथे ठेवलं आणि आम्हाला वाचायला लावलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचायला सांगितलं.

घरकुलाची त्या वर्षीची मुदत टळून गेली होती. नाव पुढच्या यादीत धरतील असं ग्रामपंचायतीत सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी खालांना जागेवर नेलं. उन्हात त्या पदर डोक्यावर घेऊन एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालल्या, पावलं मोजत, आम्ही तेव्हा दाखवली होती तशी. शेवटच्या दगडाशी थांबून त्यांनी महामार्गाकडे पाहिलं. मध्ये आमचे चौदा गुंठे होते, त्यात गवत आणि बाभळी.

"और रास्ता?" त्यांनी विचारलं.

रस्ता २०११ मध्ये आम्ही हाताने दाखवला होता, असा इकडून. खरेदीखतात तो नाही. वकिलांनी आम्हा तिघांना गुरुवारी बोलावलं आहे.