माथेरानच्या लाल वाटेवर तोल सावरताना

नेरळ स्टेशनावर उतरलो, तेव्हा ह्यांनी विचारलं, "छोट्या गाडीनं जायचं की टॅक्सीनं?" इतरांसाठी हा हौसेचा प्रश्न, पण माझ्या पोटात गोळा आला. १९०७ पासून डोंगर चढणारी ही गाडी सुमारे २१ किलोमीटरचं अंतर वळणं घेत घेत दोन तासांहून अधिक वेळात कापते. मला तर लहानपणी एसटीच्या मागच्या बाकावर बसवलं तरी पिशवी लागायची. शेवटी टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि घाट संपेपर्यंत समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही.

दस्तुरी नाक्याला मोटारींची हद्द संपते. आम्ही माथेरान निवडलं ते त्याचसाठी. दोन्ही बाजूंनी गाड्या धावू लागल्या की मलाच कुणीतरी ढकलतंय असं वाटतं. इथे वाहनांचा गोंगाट नाही. लाल माती, गर्द झाडी आणि "ताई, घोडा घ्या ना" म्हणत मागे येणारे घोडेवाले. घोडा? मला माझ्याच दोन पायांचा भरवसा नव्हता!

चार वर्षांपूर्वी भांडी लावताना एकाएकी सगळं स्वयंपाकघर कलंडलं. मी कट्टा धरून बसले. नंतर हे वरचेवर होऊ लागलं. कुणी मानेचा पट्टा दिला, कुणी अशक्तपणा म्हटलं, कुणी मनाचे खेळ. स्कॅनमध्ये काही दिसेना. अखेर कानाच्या एका डॉक्टरांनी वेगळंच विचारलं, "पूर्वी डोकं दुखायचं का?" कॉलेजात असताना मला अर्धशिशी होती. मी ते विसरूनही गेले होते. ते म्हणाले, "ही तीच अर्धशिशी, आता तोलावर उतरलीय." तिला वेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. झटका पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो आणि त्या वेळी डोकं दुखेलच असं नाही. पण माझं खरं दुखणं दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांचं होतं. चक्कर नसते, तरी पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखे वाटत नाहीत. लोकांना वरून काहीच दिसत नाही. ह्यांनाही दिसत नव्हतं.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पानांतून ऊन लपलपत होतं. अशा उघडझाप करणाऱ्या प्रकाशानं मला गरगरतं, म्हणून टोपी पुढे ओढून हळूहळू चालले. हे वीस पावलं पुढे जाऊन थांबत आणि घड्याळ बघत.

संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर गेलो. समोर प्रबळगड, त्याच्या आसपास विरघळत जाणारा केशरी उजेड. कड्यापासून चांगली दूर, एका खडकावर मी बसून राहिले. किती दिवसांनी डोळ्यांना असं लांबवर बघायला मिळालं होतं! हे म्हणाले, "बघ, उगाच घाबरत होतीस."

परतताना झाडीत अंधार दाटला, वाट दगडधोंड्यांची, आणि मी एका जागी खिळले. पाऊल कुठे पडतंय तेच कळेना. शरीर तोल राखतं ते तिघांच्या भरवशावर : कानाच्या आतला भाग, डोळे आणि तळपायांना व सांध्यांना होणारी जमिनीची जाणीव. कानाकडून येणारी खबर चुकते, तेव्हा डोळे बाजू सांभाळतात. अंधारानं माझे डोळेच काढून घेतले, आणि खडबडीत वाटेनं तळपायही गोंधळले. दवाखान्यात पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले, तेव्हाही मी अशीच झुकले होते.

"अहो, मला येत नाहीये चालता," मी म्हटलं. त्यांनी वळून टॉर्च माझ्या अंगावर टाकला. मी एका बाजूला कलले होते आणि मला ते कळलंही नव्हतं. त्यांनी ते प्रथमच पाहिलं. काही बोलले नाहीत. टॉर्च माझ्या पायांपुढे धरून हॉटेलपर्यंत ते माझ्या चालीनं आले.

ज्यांच्या घरी असा त्रास आहे, त्यांनी प्रवासात जेवणाची आणि झोपेची वेळ चुकवू नये, टॉर्च न विसरता घ्यावा. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या झटक्यापुरत्या ठीक. त्या रोज घेत राहिलं तर मेंदूला तोल नव्यानं शिकता येत नाही, म्हणून डॉक्टर तोलाचे व्यायाम देतात. मात्र चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर अर्धशिशी समजून थांबू नये, तडक इस्पितळ गाठावं.

दुसऱ्या दिवशी बाजारात चिक्की घेतली, मुलीसाठी चपला घेतल्या. शेजारच्या दुकानात काठ्या टांगलेल्या होत्या. डॉक्टरांनी सुचवूनही त्रेचाळिसाव्या वर्षी काठी धरायची मला लाज वाटत होती. मी एक हातात घेऊन टेकवून पाहिली. दुकानदार म्हणाला, "आईसाठी का, ताई?"

"नाही, माझ्यासाठीच," मी म्हटलं. हे पैसे काढत होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "खाली रबर लावून मिळेल का?"

दुपारी शार्लट तलावापर्यंत गेलो. या वेळी हे मागे होते.