यादीबाहेरचे चौराई

जुलै २०१९ मध्ये, ऐन पावसाळ्यात, नागपूर महानगरपालिकेवर शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली. नळाला येणारे पाणी पेंचचे आहे, नवेगाव खैरीहून येते, एवढे बहुतेक नागपूरकरांना ठाऊक होते. त्या वर्षी आणखी एक नाव घरोघरी पोचले: चौराई. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, पेंच नदीवरच, आपल्या तोतलाडोहच्या वरच्या अंगाला बांधलेले धरण. पाऊस लांबला होता हे खरेच, पण वरून येणारे पाणी आधी तिथे अडते हेही तेवढेच खरे. आपण ज्यावर विसंबतो ते स्वतः कशावर विसंबून आहे, हा प्रश्न सामान्य माणसाला नळ कोरडा पडल्यावर पडला. सॉफ्टवेअरच्या कामात हा प्रश्न रोजचा आहे आणि त्याची उत्तरे सांभाळणारी साधनेही आहेत: मेक, मेव्हन, ग्रेडल, एनपीएम. सगळी मुक्त स्रोत, म्हणजे कोणीही फुकट घ्यावीत आणि उघडून पाहावीत अशी. या साधनांविषयी माझे म्हणणे एकच आहे. त्यांतली बहुतेक साधने कोणकोणत्या लायब्रऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, ओढून आणतात याची यादी आपण यंत्राच्या हवाली करून मोकळे होतो. ती यादी वाचणे आणि तिच्यातल्या प्रत्येक बदलाला जबाबदार राहणे हे प्रोग्रॅमरचे काम आहे, आणि नागपुरात जे काम मोठ्या प्रमाणावर चालते त्याचा तर तो गाभा आहे.

बिल्ड म्हणजे काय, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाने वाचावे असे असते. त्यापासून यंत्राने चालवावे असे काही तयार करावे लागते. फाइली शेकड्यांनी असतात, एक बदलली की तिच्यावर आधारलेल्या सगळ्या पुन्हा घडवाव्या लागतात. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले ते याच कटकटीतून. त्यांचा एक सहकारी पूर्ण बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये सकाळभर चूक शोधत बसला होता. दुरुस्ती करून झाली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. मेकचा नियम साधा आहे. काय घडवायचे, ते कशापासून घडते आणि कोणत्या आज्ञेने, एवढे लिहून ठेवा. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा दिसला तरच काम पुन्हा करायचे. मेकच्या फाइलीत आज्ञेच्या ओळीआधी टॅबच द्यावा लागतो, मोकळ्या जागा चालत नाहीत, आणि नव्या माणसाचा त्यात हमखास घोळ होतो. ही सोय चुकली हे फेल्डमन यांना लवकरच कळले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यातले बरेचसे मित्रच, आणि त्यांचे चालू काम मोडायला नको म्हणून त्यांनी तो नियम तसाच ठेवला. आज इतकी दशके लोटली तरी तो टॅब तिथेच आहे. आपल्यावर कोणीतरी विसंबले आहे याचा भार पहिल्या डझनभर माणसांपासूनच सुरू होतो, याचा इतका नेमका दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

पुढे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगात २००० साली अँट हे बिल्ड-साधन आले. त्यात बिल्डच्या पायऱ्या नीट लिहिता येत, पण दुसऱ्याच्या लायब्रऱ्या बहुधा हातानेच आणाव्या लागत. जार फाइल, म्हणजे लायब्ररीचा बांधलेला गठ्ठा, डाउनलोड करायची, 'लिब' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. काम कंटाळवाणे होते, पण घरात काय आणले हे आणणाऱ्याला माहीत असे. २००४ साली मेव्हनची पहिली पक्की आवृत्ती आली आणि ही रीत मुळापासून बदलली. आता पॉम नावाच्या प्रकल्प-फाइलीत लायब्ररीचा तीन भागांचा पत्ता लिहायचा: कोणाची, कोणती, कितवी आवृत्ती. मेव्हन ती मध्यवर्ती भांडारातून आणते. तिला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणते. त्यांना लागणाऱ्याही आणते. लग्नाला एका पाहुण्याला आमंत्रण द्यावे आणि त्याच्यामागून त्याच्या सोयऱ्यांचे सोयरे यावेत, तसे. स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीचा एकच 'स्टार्टर वेब' पॉममध्ये लिहिला की मागून जारची रांग लागते: टॉमकॅट, जॅक्सन, लॉगबॅक आणि कितीतरी.

'डिपेन्डन्सी ट्री' ही आज्ञा दिली की मेव्हन हा सगळा पसारा वंशावळीसारखा मांडून दाखवते. ती वंशावळ सावकाश वाचावी. समजा तुमचा प्रोग्रॅम 'क' आणि 'ख' अशा दोन लायब्रऱ्या घेतो. 'क'ला 'ग'ची १.२ आवृत्ती थेट लागते; 'ख'लाही 'ग' लागते, पण आणखी एका लायब्ररीमार्फत, आणि आवृत्ती २.०. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. मेव्हन अशा वेळी मुळाच्या जवळची निवडते, म्हणजे १.२; ग्रेडल त्याच प्रसंगी सहसा नवी, म्हणजे २.० घेते. बिल्ड दोन्हीकडे हिरवा दिसतो. 'ख'ला हवे असलेले फंक्शन १.२ मध्ये नसेल तर ते कळते प्रोग्रॅम चालू असताना, एखाद्या क्वचित वापरल्या जाणाऱ्या वाटेवर, ग्राहकाच्या सर्व्हरवर. हा निर्णय तुमच्या नावाने झाला आणि तुम्ही तो पाहिलाही नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये या न पाहण्याची किंमत साऱ्या जगाने मोजली. लॉगफोरजे ही जावा प्रोग्रॅमच्या नोंदी लिहिणारी लायब्ररी, मोजक्या स्वयंसेवकांनी सांभाळलेली. नोंदीत विशिष्ट मजकूर आला की ती बाहेरच्या सर्व्हरकडून कोड आणून चालवू शके. ही सोय २०१३ पासून तिच्यात होती. धोक्याला दहापैकी दहा गुण मिळाले. पहिली दुरुस्ती २.१५.० अपुरी ठरली, मग २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळ्या त्याच महिन्यात. कंपन्यांपुढचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हताच. 'ही आपल्याकडे आहे का आणि कुठे?' हा होता. ज्यांनी यादी कधी वाचली नव्हती त्यांना हजारो जार उपसाव्या लागल्या. स्प्रिंग बूटच्या नेहमीच्या बिल्डमध्ये लॉगफोरजे-एपीआय हे नाव दिसते, त्याने पुष्कळांची झोप उडाली. प्रत्यक्षात घातक भाग लॉगफोरजे-कोअरमध्ये होता आणि नेहमीच्या मांडणीत तो येतच नाही. वंशावळ वाचणाऱ्याला हा फरक काही मिनिटांत सांगता आला.

नागपूरचा मुद्दा इथे येतो. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये पर्सिस्टंट आहे, मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत. या प्रकारच्या कंपन्यांत कोऱ्या पानावर सुरू होणारे काम थोडे. कोणीतरी कुठेतरी वर्षांपूर्वी लिहिलेले सॉफ्टवेअर हातात घेऊन चालू ठेवायचे, वाढवायचे, हे काम अधिक. अशा हस्तांतरात कोड मिळतो, कागदपत्रे मिळतात, पण बिल्ड बहुतेकदा जुन्या चमूच्या संगणकांवरच चालत असतो. कोणाच्या तरी मशीनवरच्या मेव्हनच्या '.एमटू' फोल्डरमध्ये एक जार पडलेली असते, जी कोणत्याही भांडारात नाही. म्हणून सॉफ्टवेअर ताब्यात घेताना पहिली मागणी ही असावी: रिकाम्या संगणकावर, फक्त भांडारातून, तोच बिल्ड आमच्यासमोर करून दाखवा. मेव्हनचा रॅपर साधनाची आवृत्ती ठरवून देतो. पॉममध्ये नेमक्या आवृत्त्या लिहिल्या की मध्यवर्ती भांडारातली प्रसिद्ध झालेली जार बदलत नसल्याने उद्याही तेच मिळते. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये आवृत्तीआधी टोपीसारखी खूण असली की त्याच मालिकेतली नवी आवृत्ती चालते असा अर्थ होतो. त्यामुळे लॉक फाइल, म्हणजे प्रत्यक्ष आलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद, हवीच, आणि सर्व्हरवर 'इन्स्टॉल'ऐवजी 'सीआय' ही आज्ञा हवी; लॉक फाइल आणि यादी यांचा मेळ बसला नाही तर ती काम थांबवते.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचाच असतो: एवढी भानगड कशाला, लायब्रऱ्या कमी घ्या, स्वतः लिहा. त्यात तथ्य आहे. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' होते, अकरा ओळींचे, मजकुराच्या डावीकडे जागा भरणारे. जगभरचे बिल्ड तुटले आणि एनपीएमला ते काही तासांत परत आणावे लागले. अकरा ओळी स्वतः लिहाव्यात, हे मला पूर्ण मान्य. पण एन्क्रिप्शन, तारखांचा हिशेब, देवनागरी जोडाक्षरांची मांडणी स्वतः लिहू गेलात तर जगाने सोसून दुरुस्त केलेल्या चुका नव्याने कराल. कोणते घ्यावे आणि कोणते लिहावे, हे ठरवायलाही आधी यादीच वाचावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चालते आहे ते गोठवा, बदलूच नका. २९ मार्च २०२४ रोजी तो खरा वाटला असता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने दूरच्या संगणकावर लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो हे खटकले. शोध घेता घेता ते 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत लपवलेल्या चोरवाटेपर्यंत पोचले. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत, थकलेल्या मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवत तिथे शिरले होते. बिल्डवाल्यांनी यातली एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. चोरवाट उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट सर्वांना दिसणाऱ्या गिट भांडारातल्या कोडमध्ये नव्हतीच. ती प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती आणि चाचणीच्या फाइलींत दडवलेला माल बिल्डच्या वेळी बाहेर काढत होती. कोड वाचणाऱ्याला काहीच दिसले नसते. जुन्या आवृत्तीवर थांबलेले त्या दिवशी सुरक्षित होते, मात्र लॉगफोरजेच्या डिसेंबरात तेच थांबणे घातक ठरले होते. म्हणून नवे की जुने हा नियम होऊ शकत नाही. बदल करायचा तो ठरवून, एकेक, का केला ते लिहून. डेबियन लिनक्सचे लोक २०१३ पासून एकाच कोडचा दोन ठिकाणी केलेला बिल्ड बिटागणिक सारखा यावा म्हणून झटत आहेत. फाइलीत शिरणारी तारीखसुद्धा त्यांनी बांधून टाकली. तयार मालाचा उगम कोडमध्येच आहे, हे तपासायची ती वाट आहे.

हे सारे स्कॅनर करतोच की, असेही म्हटले जाते. स्कॅनर जाहीर झालेला धोका ओळखतो. एक्सझेडचा धोका २९ मार्चपूर्वी कुठेच जाहीर नव्हता. वेळ मिळत नाही, ग्राहक पैसे देत नाही, ही अडचण खरी आहे, पण ती आता सरकते आहे. सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, मागितली; ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इनने तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शिका काढली. यादी देणे यापुढे करारात येईल, तेव्हा तिचे पैसेही मागता येतील. त्यातला काही वाटा मूळ सांभाळणाऱ्यांकडे जायला हवा. झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी जाहीर केला. याच लायब्रऱ्यांवर चालणाऱ्या इतर कंपन्यांनीही आपल्या यादीतल्या निदान पहिल्या दहा नावांपुढे काहीतरी रक्कम लिहावी.

सुरुवात महाविद्यालयांतूनही करता येईल. अंतिम वर्षाचा प्रकल्प बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवला जातो. तो परीक्षकाच्या कोऱ्या संगणकावर बांधून दाखवायला सांगावा. मग लॉक फाइल उघडून कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवावे आणि विचारावे: ही लायब्ररी तुम्ही मागितली होती की कोणामागून आली, आणि आली तर कोणाच्या?