इरॅटिक म्हणजे लहरी, आणि पुढे

इंग्रजीच्या मॅडम रजेवर होत्या, म्हणून नववीचा ऑफ तास माझ्याकडे आला. जाण्याआधी त्यांनी फळ्यावर दहा विशेषणं लिहून ठेवली होती आणि खाली सूचना : रोजच्या बोलण्यातल्या वाक्यात उपयोग करा. मी मराठी आणि उर्दू शिकवणारा माणूस. नऊ शब्द कसेबसे पार पडले. एका शब्दावर अख्खा तास गेला. तो शब्द इरॅटिक.

अर्थ सांगायला मी मराठी शब्द दिला, ‘लहरी’. आमची शाळा उर्दू माध्यमाची, गाव मालेगाव. पोरांना लहर माहीत, लहरी माहीत नाही. मग मी माझ्या आवडीच्या वाटेला लागलो. लहर म्हणजे लाट. अरबीत लाटेला ‘मौज’ म्हणतात. लाट कधी उठेल, कुठे फुटेल याचा नेम नाही, म्हणून उर्दूत मनाच्या तरंगालाही मौज म्हणू लागले आणि त्यातून मनमौजी आला. मराठीने मौज घेतली ती मजेपुरती. पण लहरी आणि मनमौजी या दोघांच्या पोटात एकच लाट आहे. पोरांना हे आवडलं. एकाने विचारलं, मग इरॅटिकच्या पोटात काय आहे? तेवढं मला ठाऊक होतं. लॅटिनमध्ये भटकणं या अर्थाचं एक क्रियापद आहे, त्यातून हा शब्द आला आणि त्यातूनच ‘एरर’. संगणकावर एरर आली म्हणजे बिचारा वाट चुकला.

इथवर ठीक होतं. पण मागच्या बाकावर अजून गोंधळ दिसला, म्हणून मी बोलून गेलो, “अरे, लहरी महंमद म्हणतात ना, तसं.”

मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे आपोआप येतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं बोलणारा कोणीही असो, तो लहरी महंमद. माझ्यासमोर एक्केचाळीस मुलं होती. हजेरीपटावर त्यातल्या निम्म्यांच्या नावाच्या आधी ‘मो.’ लिहिलेलं आहे. पहिल्या बाकावरच्या एकाने हात वर केला. “सर, मोहम्मद क्यूँ?”

तो चिडला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मला मात्र घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

मराठवाड्यातल्या ज्या शाळेत मी शिकलो, तिथे वर्गात हे नाव असलेला मी एकटाच होतो. सातवीत इतिहासाच्या तासाला तुघलक आला आणि मधल्या सुट्टीपासून माझं बारसं झालं. क्रिकेटमध्ये झेल सुटला, लहरी महंमद. वही घरी राहिली, लहरी महंमद. मीही हसायचो. ती मुलं माझे मित्रच होते, आजही आहेत, आणि त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण हसून हसून तो शब्द माझ्याच जिभेवर बसला, आणि तीस वर्षांनी तो मी माझ्या विद्यार्थ्यांच्या समोर ठेवला.

मग उत्तर द्यावं लागलं. हा महंमद म्हणजे मुहम्मद बिन तुघलक, दिल्लीचा सुलतान, कारकीर्द 1325 ते 1351. आपल्या पैगंबरांशी या म्हणण्याचा संबंध नाही. त्याने दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. तांब्याची नाणी काढली आणि ती चांदीच्या भावाने चालवा म्हणाला. लोकांनी घरोघरी तशी नाणी पाडली तेव्हा ती मागे घेतली. पोरं हसली. मग मी इसामीचं सांगितलं. त्याच्या घराण्याला दिल्ली सोडून दौलताबादला यावं लागलं आणि म्हातारे आजोबा वाटेतच वारले. पुढे त्याच इसामीने इतिहास लिहिला. अशा माणसाच्या लेखणीतून सुलतानाचं भलं कसं उतरणार! इब्न बतूता काही वर्षं त्याच्या पदरी दिल्लीत काझी होता. त्याच्या लिहिण्यातही सुलतान असाच आहे, एका हाताने उधळणारा आणि दुसऱ्या हाताने मारणारा. म्हणजे लहरी हा शिक्का अगदीच उगाच नाही.

पण एक गोष्ट मी वर्गात सांगितली नाही, ती इथे सांगतो. माझं आजोळ खुलदाबादचं. दौलताबादहून अगदी जवळ. लहानपणी नानीचं बोट धरून मी ज्या दर्ग्यांत गेलो, तिथे झोपलेले बुऱ्हानुद्दीन गरीब याच स्थलांतराच्या काळात दिल्लीहून इकडे आले. त्या रस्त्याने नुसते अमीर-उमराव आले नाहीत, सूफी आले, कारागीर आले, त्यांची बोली आली. ती इथल्या मातीत मराठीच्या शेजारी राहून दखनी झाली. नानी तीच बोलायची, आणि मधूनच ‘बरं का’ म्हणायची. ज्या हुकमाला आपण लहर म्हणून हसतो, त्या हुकमाचं थोडंसं माझ्या घरात स्वयंपाकघरापर्यंत आलेलं आहे. यामुळे सुलतानाचं मी समर्थन करत नाही. इसामीचे आजोबा मेले ते मेलेच.

भाषेतले वाक्प्रचार कोणाच्या सांगण्याने बंद होत नाहीत, आणि बंद करा म्हणायला मी निघालेलोही नाही. ‘तुघलकी’ हा शब्द हाताशी आहे, तो घराण्याच्या नावावर जातो, वर्गातल्या कोणा पोरावर जात नाही. मी यापुढे तो वापरेन. एवढंच.

उरलेल्या वेळात वाक्यं. पाऊस इरॅटिक आहे. लाइट इरॅटिक आहे. नेटवर्क इरॅटिक आहे. इथे लहरी हा अर्थ चालेना. पाऊस लहरी म्हणतो आपण, पण लाइट लहरी म्हटलं तर वीजबाई रुसून बसल्यासारखी वाटते. रोजच्या बोलण्यात खरा उपयोगी शब्द ‘बेभरवशाचा’. फारसीचा ‘बे’ आणि इथला भरवसा, असा मिश्र विवाह, आणि संसार उत्तम चाललाय. मी भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हणही सांगितली. लूमच्या खडखडाटात वाढलेल्या पोरांना टोणगा समजावता समजावता आणखी पाच मिनिटं गेली.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलाने वही पुढे पाठवली. कमी बोलणारा मुलगा, महिन्यातून आठ-दहा दिवस गैरहजर. त्याचं इंग्रजी वाक्य मोडकंतोडकं होतं, अर्थ असा : माझी हजेरी इरॅटिक आहे, कारण अब्बांचं काम इरॅटिक आहे.

अब्बा दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवतात. सुताचा भाव चढला आणि कापडाला गिऱ्हाईक नसलं की मालक लूम बंद ठेवतो. शुक्रवारची सुट्टी ठरलेली असते, तिचं काही नाही. ही सुट्टी न ठरलेली. जेवढं कापड तेवढी मजुरी, म्हणून ते दिवस कोरे जातात. मग पोरगा मिळेल तिथे कांड्या भरायला जातो. हे सगळं मला माहीत होतं. तरी गेल्या वर्षी वर्गशिक्षक म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने ‘उपस्थिती अनियमित, सुधारणा आवश्यक’ असं लिहून दिलं होतं. त्याने एकच विशेषण दोनदा वापरलं आणि मधे ‘कारण’ घातलं. मी ‘कारण’ लिहिलं नव्हतं. रकान्यात जागा नव्हती असं म्हणता येईल, पण जागा होती.

त्याने विचारलं, “सर, ये मराठी में कैसे लिखते?” मी फळ्यावर लिहिलं : अब्बांच्या कामाचा भरवसा नाही. त्याने ते उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या आणि वह्या तपासताना हसत स्टाफरूममध्ये मला एक वही दाखवू लागल्या. पहिल्या बाकावरच्या त्या मुलाची. इरॅटिकसमोर अर्थ लिहिला होता : लहरी (मोहम्मद नहीं, तुघलक). मॅडमना काही कळेना. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, अर्धा चहा गार झाला.

यंदाही तो वर्ग माझ्याकडेच आहे. त्या मुलाचे या सत्रातले खाडे मोजून झाले, बत्तीस. प्रगतिपुस्तकं शनिवारी पालकांना द्यायची आहेत. शेऱ्याचा रकाना मी अजून कोरा ठेवलाय, आणि कारखाना चालू असेल तर अब्बा शनिवारी येणार नाहीत.