वाट चुकलेला की न पाहिलेला?

आष्टीच्या शिवारात पक्षी पाहताना मला एक गोष्ट पटली आहे. 'हा पक्षी आपल्याकडे नसतोच' असे जपून म्हणावे आणि 'तो मी पाहिला' असे त्याहून जपून. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा सालिम अलींनी 1931-32 मध्ये संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पुढे जायकवाडी आणि निम्न दुधना ही धरणे झाली, कोरडवाहू पट्ट्यात दूरवर पाणी पसरले. आता इथे अनोळखी पाणपक्षी उतरला, तर तो वाट चुकला की आधीपासूनच येत होता, हे ठरवायला भक्कम नोंदच हवी.

खोटी नोंद केवढे नुकसान करते, ते रानपिंगळ्याच्या बाबतीत दिसले. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात त्याचे नमुने जमवले, नंतर तो दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात मात्र 1914 सालचा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबले. पामेला रासमुसेन यांच्या तपासणीत तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला निघाला. मांडवी बाजूला ठेवून त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा सापडला. पुढे 2014 मध्ये तो सातपुड्यापासून दूर, तानसा अभयारण्यात नोंदला गेला आणि त्याच्या वावराची सीमा नव्याने आखावी लागली.

कोणी म्हणेल, एका भरकटलेल्या पाखराने काय सिद्ध होते? एकट्याने फारसे नाहीच. पण सायबेरियाकडचा रिचर्डची तिरचिमणी हा पक्षी पश्चिम युरोपात भरकटलेला समजला जाई. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातले काही फ्रान्सच्या दक्षिणेत दरवर्षी हिवाळा काढायला परततात, असे आढळले. सुट्या नोंदी सांभाळल्या नसत्या तर हे कळलेच नसते.

दुसरा आक्षेप मला जास्त रास्त वाटतो: पुरावा मागितला की महागडा कॅमेरा नसलेला गुराखी किंवा मासेमार बाद होतो. तसे होता कामा नये. तारीख, वेळ, जागा, ओळखीच्या पक्ष्याच्या तुलनेत आकार, चोच, पाय, उडण्याची ढब हे जागच्या जागी वहीत उतरवले, तर तोही पुरावाच, आणि माझ्या मते धूसर फोटोपेक्षा सरस. फोटोसाठी थकलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवावे लागत असेल, तर नोंद अपुरी राहिलेली मला चालेल.