मीटरमधले दिवे

बाबांच्या फियाटच्या मीटरमध्ये धसका घ्यावा असे दिवे दोनच होते: एक ऑइलचा, एक चार्जिंगचा. दोन्ही लाल. किल्ली फिरवली की लागायचे, इंजिन सुरू झालं की विझायचे. चालत्या गाडीत ऑइलचा लागला तर कडेला घेऊन इंजिन बंद करायचं, चार्जिंगचा लागला तर बॉनेट उघडून पट्टा पाहायचा. ब्रेकसाठी दिवाच नव्हता. ब्रेकची खबर पायाला कळायची.

आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत, पेरू गेटाजवळच्या एका वाड्यात राहायचो. गाडी बोळात भिंतीला इतकी चिकटवून लावावी लागे की डावीकडची दारं उघडतच नसत. चारही चाकांना ड्रम ब्रेक. जोराचा पाऊस झाला की सखल रस्त्यावर पाणी साचायचं आणि ते ड्रममध्ये शिरलं की पहिला ब्रेक लागायचाच नाही. बाबा पाण्यातून बाहेर पडल्यावर पेडलवर पाय हलका टेकवून गाडी तशीच थोडी रेटत नेत. लायनर घासून तापले, सुकले, की पाय काढत. ओल्या डांबरावर ब्रेक एकदम दाबायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. चाक जाम झालं की गाडी स्टिअरिंगचं ऐकत नाही, हे त्यांनी मला पर्वतीकडच्या तेव्हाच्या मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम गाडी घसरवून दाखवलं होतं. आई मागच्या सीटवर होती आणि या शिकवणीबद्दल तिचं मत वेगळं होतं.

कात्रजचा घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा दुसरा नियम. नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकांच्या बातम्या वाचते तेव्हा तो हटकून आठवतो. उतारावर इंजिनाचा आधार काढून घेतला की सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत.

फियाट गेली, मारुती 800 आली, आणि ब्रेकचा दिवा प्रथमच घरात आला. वर्तुळात उद्गारचिन्ह, रंग लाल. हँडब्रेक ओढलेला असला तरी हाच लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी हाच. यातली दुसरी बातमी फार लोक नीट ऐकत नाहीत. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो, त्याच्यामागे झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि टाकीतली पातळी उतरते. म्हणून सुरुवातीला हा दिवा वळणावर किंवा ब्रेक दाबताना नुसता चमकून जातो. त्या वेळी ऑइल ओतून पातळी वर आणली की दिवा विझतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि पॅड तसेच झिजत राहतात. आधी पॅड पाहावेत, मग गळती, आणि ऑइल सगळ्यात शेवटी. तसंही हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. दोन वर्षांनी ते बदलायचंच असतं, नुसतं वर ओतत राहायचं नसतं.

आताची गाडी पंधरा वर्षं पुरी करून पुन्हा पासिंग झालेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते वयाचं दुखणं होतं. हिला एबीएस आहे आणि ईएसपीही. एबीएस म्हणजे बाबांचा तोच पाय, फक्त तो सेकंदाला कितीतरी वेळा दाबतो-सोडतो आणि प्रत्येक चाकाचा वेगळा हिशोब ठेवतो. बॉश कंपनीने ते मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये 1978 साली आणलं. घसरू लागलेली गाडी सावरणारं ईएसपी 1995 साली आलं. 1997 मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास अडथळा चुकवताना उलटली आणि मग ईएसपी स्वस्त गाड्यांकडेही सरकू लागलं. आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सरसकट सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 मध्ये. तोवर चाळीसेक वर्षं आपण बाबांच्या पायावर चाललो.

पावसाळ्यात टिळक रस्त्यावर सिग्नलला थांबता थांबता पेडल पायाखाली गुरगुरलं. वेग माणसाच्या चालीएवढा, रस्ता सुका, तरी एबीएस चालू झाल्यासारखं. काही दिवसांनी पिवळे दिवे लागले: एबीएसचा, घसरत्या गाडीच्या चित्राचा आणि आणखी एक. एका सर्व्हिस सेंटरने मॉड्यूल गेलं म्हणून सांगितलं आणि आकडा असा दिला की त्यात गाडीच्या उरलेल्या किमतीचा मोठा वाटा निघून गेला असता.

मग मी नाना पेठेत गेले. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतो. त्याने स्कॅनर काढण्याआधी प्रश्न काढले. "काकू, बॅटरी कधी बदलली? टायर चारही एकाच मापाचे ना? पेडल नेमकं किती स्पीडला हलतं?" बॅटरीचं व्होल्टेज मोजलं, कारण ते पडलं तर हे सगळे दिवे एकदम लागतात. मला ब्रेक दाबायला सांगून मागे जाऊन ब्रेक लाइट पाहिले, कारण पेडलचा दोनशे-चारशे रुपयांचा स्विच बिघडला तरी ईएसपीचा दिवा लागतो. मग स्कॅनर. मोबाइलला जोडायची स्वस्त डबी बहुधा इंजिनाचेच कोड वाचते, एबीएसपर्यंत पोचत नाही. त्याचा स्कॅनर पोचत होता. कोड पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा आला.

दुसरा कुणी तिथेच सेन्सर बदलून मोकळा झाला असता. याने गाडी चालवायला घेतली आणि स्कॅनर माझ्या हातात दिला. "चारही आकडे बघत राहा." गाडी हळू होत गेली. अठरा, अठरा, अठरा, अठरा. मग तीन चाकं बारावर, आणि चौथं मधूनच शून्यावर जाऊन परत येत होतं. सेन्सर ठीकच होता. अ‍ॅक्सलच्या टोकावर त्याच्यासमोर फिरणारं दातेरी कडं गंजून फुगलं होतं आणि एका जागी तडकलं होतं. तडकल्या जागी दोन दात एकमेकांपासून लांब गेले, म्हणून प्रत्येक फेऱ्यात एक ठोका चुकत होता. कॉम्प्युटरला वाटायचं की चाक जाम झालं, आणि तो ब्रेक सोडायला धावायचा. ईएसपीला याच चार आकड्यांवर विसंबावं लागतं, त्यामुळे तेही हात वर करून बसलं होतं. तीन दिवे, आजार एक. कडं बदललं, कोड पुसले, थोडं अंतर चालवल्यावर दिवे विझले. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं.

दुरुस्तीपूर्वीच्या त्या दिवसांत गाडी चिरंजीव चालवत होते आणि माझी पंचाईत वेगळीच होती. नुसता पिवळा एबीएसचा दिवा म्हणजे ब्रेक शाबूत आहेत, मदतनीस रजेवर आहे. म्हणजे गाडी त्या बाबतीत बाबांची फियाट झाली. पण चिरंजीवांना बाबांचा पाय नाही. ते ब्रेक पूर्ण दाबून धरतात आणि एबीएसच्या गाडीत तेच बरोबर आहे. त्यांना दाबणं-सोडणं शिकवावं, तर दिवा विझल्यावरही तीच सवय राहील आणि ती एबीएसचं काम बिघडवेल. शेवटी एवढंच सांगितलं: दिवा आहे तोवर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेव आणि पावसात गाडी काढू नकोस. लाल आणि पिवळा एकत्र लागले तर मात्र जिथे आहेस तिथेच थांब, कारण तेव्हा मागची चाकं आधी जाम होण्याची भीती असते. आणि घसरत्या गाडीचं चित्र नुसतं लुकलुकलं तर घाबरू नकोस. ते काम करतंय.

जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यांना एक विनंती. गाडी सुरू करण्याआधी किल्ली अर्धी फिरवा आणि मीटरकडे पाहा. एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. जो लागतच नाही, त्याचा बल्ब बहुधा कुणीतरी काढलेला असतो. अशी गाडी घेऊ नका.