सड्यावरची कातळशिल्पे

दोंडाईचा

चि. निखिल यास,

कोकणातली कातळशिल्पे जांभ्याच्या उघड्या सड्यांवर, म्हणजे पठारांवर, कोरलेली आहेत. रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांत ती सर्वाधिक आढळतात. पट्टा पुढे सिंधुदुर्गातल्या कुडोपीवरून गोव्यात कुशावतीच्या काठापर्यंत जातो. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या अंगातच इतर प्राण्यांची दाटी आहे. आज कोकणात नसलेला गेंडाही काही ठिकाणी दिसतो. काळाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. काहींच्या मते ती दहा हजार वर्षांहून जुनी असावीत. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचे नाव आले. (आपल्या खानदेशालाही कमी लेखू नये. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली, ती सुमारे 25,000 वर्षांपूर्वीची.)

शोधाचे पहिले साधन गुराखी. मोबाइलचा नकाशा त्यानंतर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखे शोधकही गावकऱ्यांना विचारत विचारतच सडे पालथे घालत गेले. पावसाळ्यात शेवाळ आणि गवत रेषा झाकून टाकतात. हिवाळ्यात सकाळचे तिरपे ऊन पडले की उथळ खोदकामातही सावली पडते आणि आकृती आपोआप उठून दिसते. म्हणून रेषेत खडू, चुना भरण्याची गरजच नसते. तरीही तो भरणारे महाभाग असतात. परवा घरच्या फोनवर आलेला तुझा फोटो त्याच जातीचा: रेषा पांढऱ्याफटक आणि प्राण्याच्या पाठीवर चक्क बूट! मिरचीच्या पथारीवर बूट घालून चालणाऱ्याला दोंडाईच्यात हमाल हाकलून देतात. इथे तर पुरातत्त्व शिकणारा मुलगा!

उक्शीच्या गावकऱ्यांनी आपल्या हत्तीभोवती दगडी कुंपण घातले. इतरत्र चिरेखाणी, रस्ते, घरांचे प्लॉट सड्यावर सरकत आहेत. चिऱ्यासाठी कातळ कापला की शिल्पही त्याबरोबर गेले. त्यामुळे राखण गावाच्याच हाती राहते, आणि जाणाऱ्याने आधी गावात विचारून, वाटाड्या घेऊन जाणे हाच एक मार्ग उरतो.

सड्यावर झाड नाही, पाण्याचा भरवसा नाही, फोनला रेंज कधी असते कधी नसते. उन्हात एकट्याने फिरणे वेडेपणाचे. पितळखोऱ्याच्या उतारावर झालेला अपघात घरात कोणी विसरलेले नाही. वहिनी तर अजून रात्रीच्या फोनला दचकतात. पुढच्या खेपेला सोबत कोण आहे आणि मुक्काम कोणत्या गावी, ते निघण्यापूर्वी त्यांना कळवावे.

– अण्णाकाका