खरं तेवढंच

हर्णैच्या बंदरावर देणीघेणी वहीत मांडलेली असतात. नाखव्याकडून घेतलेली उचल, दुकानातली उधारी, जाळ्याचे पैसे, सगळं हंगाम संपता संपता वळतं होतं. भाऊंचं आमच्याकडे जे येणं आहे, ते मात्र कुठल्याच वहीत बसत नाही. म्हणून इथे लिहिते.

भाऊ मच्छीमार सोसायटीत लेखनिक होते. डिझेलचा कोटा, बर्फाची बिलं सांभाळायची आणि जोडीला विम्याची एजन्सी. माझे बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. कमाई वाटणीची, पावसाळ्यात बोट किनाऱ्याला लागली की तीही बंद. विम्याचे एजंट शाळामास्तरांकडे जात, बँकेतल्या लोकांकडे जात. खलाशाच्या दारात कुणी येत नसे. एकाने बाबांना तोडगा सुचवला होता : "फॉर्मवर शेती लिहा, हप्ता कमी बसेल." चार गुंठे वरकस आमच्या नावावर होतं, तेव्हा ते अगदीच खोटंही नव्हतं.

भाऊंनी साफ नकार दिला. सोसायटीच्या टेबलावर, डिझेलच्या वासात, शाईच्या पेनाने त्यांनी सावकाश लिहिलं : यांत्रिक नौकेवर खलाशी, खोल समुद्रातील मासेमारी. आणि धंद्याच्या जोखमीपायी दर हजारी जादा हप्ता किती पडेल, तेही तिथेच सांगितलं.

बाबा चिडले. "दर्यात जातो म्हणून दंड भरू?"

"एके काळी आपल्या सगळ्यांनाच हा दंड होता," भाऊ म्हणाले. "साहेबांच्या विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घ्यायच्या. मग 1870 साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने आपल्या माणसांना सरळ दर लावला. खलाशाचेही दिवस येतील. तोवर जादा भरा, पण धंदा खरा लिहा. खोटं लिहून वाचवलेले पैसे वहिनींच्या अंगावर येतील."

हे भाबडं नीतिवचन नव्हतं. त्या वेळच्या विमा कायद्याच्या 45 व्या कलमानुसार पहिली दोन वर्षं कंपनीला फॉर्ममधल्या चुकीच्या माहितीवर बोट ठेवून दावा नाकारता येई. त्यानंतरही जाणूनबुजून केलेली लपवाछपवी सिद्ध झाली तर धडगत नसे. 2015 च्या दुरुस्ती कायद्याने ही मुदत तीन वर्षांची केली; तीन वर्षं उलटली की कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. बाबांच्या वेळी ही सोय नव्हती.

जादा हप्ता परवडावा म्हणून भाऊंनी दुसरीकडे काटकसर केली. तेव्हा मनी बॅकची चलती होती, दर काही वर्षांनी पैसे हातात येतात म्हणून लोक भुलत. भाऊंनी ती बाजूला सारली आणि आजीवन विमा सुचवला, कारण तेवढ्याच रकमेला त्याचा हप्ता कमी पडतो. कमिशन हप्त्यावर मिळतं. म्हणजे आमचा जो फायदा, तोच भाऊंचा तोटा. पुढे हप्ते सहामाही ठेवले, एप्रिल आणि ऑक्टोबर. दोन्ही महिने धंद्याचे. जून-जुलैच्या कडकीत दारात हप्ता उभा नको.

काही वर्षांनी, एका नोव्हेंबरात, बोट परत आली आणि बाबा आले नाहीत. रात्री जाळं सोडून सगळे आडवे झाले होते, पहाटे ओढायला उठले तेव्हा बाबांची जागा रिकामी होती. कुणी काही पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या बोटींनी पाणी पालथं घातलं. पोलीस ठाण्यात नोंद झाली : बेपत्ता.

सबंध बोट बुडाली तर परिस्थितीच पुरावा होते. एकटा माणूस रात्री नाहीसा झाला की कायदा थांबायला सांगे. तेव्हा लागू असलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याचं 108 वं कलम : सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मरण पावला असं धरता येई. तोवर विमा चालू ठेवायचा तर हप्ते भरत राहायचे; मध्येच सोडले की पूर्ण रकमेवर पाणी. म्हणजे समुद्राने नेलेल्या माणसाचा, तो समुद्रात जातो म्हणून लागलेला जादा हप्ताही आम्ही भरत होतो.

आई पाटी घेऊन दापोलीपर्यंत मासळी विकायची. मासळी पडली नाही त्या हंगामात भाऊ स्वतःच्या खिशातून हप्ता भरायचे आणि आईसमोर वहीत टिपायचे. पावती बाबांच्या नावाने यायची. आई ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवायची. खाऱ्या हवेत कागद टिकत नाही. नातेवाईक दिवस घाला म्हणून मागे लागले होते. आईने कुंकू पुसलं नाही. भाऊंनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही. "हप्ता जिवंत माणसाचाच भरतात, वहिनी," एवढंच एकदा म्हणाले.

सात वर्षं झाली तेव्हा खरी अडचण आली. वकिलांनी दाव्याचा मसुदा केला, त्यात बाबांच्या नावामागे 'मयत' होतं. आई सही करेना. पैशांची गरज गळ्याशी आलेली, माझा भाऊ आयटीआयच्या उंबरठ्यावर, मी बारावीला, तरी करेना. वकील वैतागले. सोसायटीतल्या भाऊंनी मसुदा वाचला, कलम पुन्हा वाचलं आणि आईला म्हणाले, "मेले असं तुम्ही म्हणायचंच नाहीये. सात वर्षांत त्यांची खबर आली नाही, हे खरं ना? तेवढंच सांगा. पुढचं कोर्ट म्हणेल."

मसुदा बदलला. आईने दापोलीच्या कोर्टात तेवढंच सांगितलं. निकाल लागला, विम्याची रक्कम मिळाली, माझ्या भावाचं आयटीआय आणि माझं डी.एड. तीतून झालं. पैसे मिळाल्यावर आई सगळ्यात आधी गेली ती सोसायटीत. भाऊंनी वही काढली, उसने दिलेले पैसे मोजून घेतले आणि नोंदीवर रेघ मारली. राहू द्या, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर आईला ते आयुष्यभर सलत राहिलं असतं.

भाऊ आज नाहीत. खलाशाचे दिवस थोडेफार आले. 2015 पासूनच्या जीवन ज्योती विम्यात वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचं संरक्षण आहे आणि खलाशाला व कारकुनाला एकच दर. मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराला अपघाती मृत्यूसाठी पाच लाखांचा गट विमा आहे, हप्ता सरकार भरतं. पण जीवन ज्योती 55 व्या वर्षी थांबते आणि अपघात विमा फक्त अपघाताचाच. मोठा विमा घ्यायचा तर फॉर्मवर धंद्याचा रकाना आजही आहे.

शाळा सुटली की मी बोटीवर जाणाऱ्या पोरांचे विम्याचे फॉर्म भरून देते. जीवन ज्योतीचे पैसे मे अखेरीस कापले जातात, नेमके मासेमारी बंद होण्याच्या तोंडावर. तेव्हा खातं रिकामं ठेवू नका, हे दर वर्षी बजावते. परवा एकाने विचारलं, "ताई, शेती लिहूया का?" मी खलाशी लिहिलं आणि का, ते सांगितलं. जाताना तो म्हणाला, "पण तुला यात काय मिळतं?"

दुसऱ्या दिवशी त्याने बांगडे आणून दिले. मी मुकाट्याने घेतले. माणसाला उपकाराखाली ठेवून पाठवू नये, हेही भाऊंकडूनच शिकले.